पहिली दहा मिनिटं

फोन आला तेव्हा मी खिडकीत बसून डाव्या पायाची नखं काढत होते. "आजी, तुमचं अक्षर लागत नाही हो," पलीकडची बाई म्हणाली, आणि माझ्या छातीत असं काही धडधडलं की नेलकटर हातातून सुटून पलंगाखाली गेलं. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला कुणी अक्षरावरून बोललं तर तिनं ओशाळावं, पण मी उठून उभी राहिले. छत्तीस वर्षांपूर्वीची वही आहे, ती म्हणाली, निळ्या पुठ्ठ्याची. मी तिला मध्येच तोडलं. "निळा नाही, करडा. निळा तो शाईचा डाग आहे." पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "हो की," ती म्हणाली. त्या दोन शब्दांनी मला काय झालं ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं ती वही कुठेतरी होती. मी ज्या कचेरीत सव्वीस वर्षं काढली तिथल्या दप्तराच्या खोलीत ती पडून होती, आणि तिच्यातलं मी लिहिलेलं जगात फक्त मला वाचता येत होतं. दप्तर सांभाळणारी ती बाई समजावून सांगू लागली. वहीतली मुलगी आता मोठी झालीय, तिनं आपली फाइल मागितलीय, आणि मागितली की हल्ली द्यावीच लागते. पक्के अहवाल टाइप केलेले आहेत, ते तिनं वाचले. पण कच्च्या वहीत नुसती चिन्हं आहेत, गोल, आडव्या रेघा, तुटकी अक्षरं. "हे 'हा.का.' म्हणजे काय हो? दर पानावर आहे." मी म्हटलं, मी येते. "फोनवर सांगितलंत तरी चालेल, आजी." "फोनवर नाही. येते."

"कोण गेलं?" स्वयंपाकघरातून वन्संनी विचारलं. आमच्या घरात फोन वाजला की पहिला प्रश्न हाच असतो. माझे यजमान गेल्यापासून मी आणि माझी नणंद, अशा आम्ही दोघीच राहतो. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली, पण लग्न होऊन आले तेव्हापासून तिला वन्सं म्हणायची जी सवय लागली ती गेली नाही. "कुणी गेलं नाही. मला कामावर बोलावलंय," मी म्हटलं. "या वयात? तिथली बाकीची सगळी संपली वाटतं." मी कपाट उघडून ठेवणीतले कपडे काढले, परत ठेवले, दुसरे काढले. वन्सं दारात येऊन बघत राहिली. "वहिनी, गालावर लाली आलीय तुमच्या. नक्की कचेरीतच जाताय ना?" मी तिला गप्प बस म्हटलं आणि ती हसत हसत पलंगाखाली वाकून नेलकटर शोधायला लागली, कारण उजव्या पायाची नखं राहिली होती आणि तशी मी जाऊ नये असं तिचं म्हणणं होतं. एका पायाची नखं वाढलेली बाई साक्षीला कशी दिसेल, असं ती म्हणाली. साक्षीला नाही, वाचायला, मी म्हटलं. पण तो शब्द माझ्या कानात अडकला.

बसमध्ये मला पुढची जागा मिळाली. शेजारच्या बाईनं, लग्नाला निघालात का, असं विचारलं. मी सांगितलं, कामावर. तिला मी चळलेली वाटले असणार, कारण ती खिडकीकडे सरकली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी मनात उजळणी करत होते: बंद गोल म्हणजे हसली, अर्धा गोल म्हणजे हसू दाबलं, फुली म्हणजे रडली, फुलीखाली रेघ म्हणजे आवाज न करता रडली. सगळं जागच्या जागी होतं. काल दूधवाल्याला पैसे दिले की नाही हे मला आठवत नाही, पण फुलीखालची रेघ आठवत होती. माझं काम खुर्चीत बसण्याचं होतं. ज्या घरात मुलाची हेळसांड होते असं कळायचं तिथून आमची कचेरी मूल काढून आणायची, संगोपनगृहात ठेवायची, आणि आईबापांना वर्षभराची मुदत द्यायची. त्या वर्षात महिन्यातून एकदा, दुपारी दोन ते तीन, कचेरीतल्या एका खोलीत मुलाची भेट. खोलीत एक सतरंजी, खेळण्यांचा खोका, बिजागरी कुरकुरणारं कपाट, आणि कोपऱ्यात खुर्ची. त्या खुर्चीत बसून, न बोलता, जे दिसेल ते टिपायचं. वर्ष संपलं की कोर्टात खटला. एक तर मूल परत घरी, नाही तर पालकत्वाचा हक्क कायमचा संपला. मग ती आई कायद्यानं आई नाही, मूल कुठे आहे हे तिनं विचारायचं नाही, मुलाला दुसरं घर, दुसरं आडनाव. "कायमचा" हा शब्द त्या निकालपत्रात दोनदा यायचा. एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी, जणू मध्ये कुणी विसरेल.

आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे कचेरीच्या प्रमुखांनी, मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की आपण फक्त डोळे. कारण लिहायचं नाही, अंदाज लिहायचा नाही. मूल रडलं तर रडलं, का रडलं ते वकील शोधतील. मोठ्या बाई उंच होत्या, काटकुळ्या, चालताना किल्ल्या वाजायच्या, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायच्या. त्यांचं आणखी एक ठाम मत होतं. भेटीतली पहिली दहा मिनिटं खरी. त्या वेळात आई आणि मूल एकमेकांवर जसं झेपावतात किंवा झेपावत नाहीत, तेच त्यांचं नातं. दहा मिनिटांनंतर माणसाला कोपऱ्यातली खुर्ची दिसते आणि मग तो खुर्चीसाठी वागतो. म्हणून पक्क्या अहवालाच्या छापील नमुन्यात सगळ्यात वर तोच रकाना होता: पहिल्या दहा मिनिटांत पालकाने मुलाला स्पर्श केला काय? होय, नाही. कच्ची वही माझी मला, वाटेल तशी. संध्याकाळी तिच्यावरून नमुना भरायचा, आणि नमुन्यात न मावलेलं वहीतच राहायचं. मला हे सगळं फार आवडायचं, हे मी आज लपवून काय करू. घरी मी सासूसासऱ्यांच्या, यजमानांच्या, वन्संच्या मध्ये सतत बोलत असे, आणि तिथे तासभर मी नुसते डोळे. रस्त्यावरून जाताना लोकांचे हात बघायची खोड लागली होती मला. वन्सं म्हणायची, वहिनीबरोबर बाजारात जाणं म्हणजे पोलिसाबरोबर जाणं.

छातीतली धडधड उतरत नव्हती. ती सुखाची होती, पण ओळखीची होती, आणि कुठून ओळखीची ते सापडत नव्हतं. अशी ठेवणीतले कपडे घालून, ओठ कोरडे पडलेली, शब्द मनात घोळवत मी पूर्वी कुठे तरी निघाले होते. लग्नाला? पहिल्या बाळंतपणानंतर माहेरी? बस वळणावर कलली तशी ती आठवण अगदी जवळ येऊन परत गेली. जिभेच्या टोकावर आलेला शब्द परत जावा, असं काहीतरी. वहीतल्या मुलीच्या आईचे हात मात्र मला तिच्या चेहऱ्याहून स्पष्ट आठवत होते. चोवीस वर्षांची असेल. शीतगृहात कामाला होती, मासळीचे खोके बर्फात भरायचे. पाळी पहाटे पाचला सुरू, दीडला संपायची. नवरा निघून गेलेला. मुलगी तीन वर्षांची. तिला खोलीत कोंडून, डोक्याशी पाणी आणि पाव ठेवून ती कामावर जायची. एके दिवशी मुलगी तापानं फणफणलेली, शुद्ध हरपलेली, कुलपाआड सापडली, शेजारणीनं खिडकीतून बघितली म्हणून. तेव्हा तिच्यावर अन्याय झाला असं मी म्हणत नाही. त्या दिवशी मूल उचलून आणणं बरोबरच होतं. मी म्हणते ते त्यानंतरच्या वर्षाबद्दल.

कचेरीची इमारत तीच, रंग नवा. लिफ्ट आली होती, पण मी जिन्यानंच चढले आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझी मलाच गंमत वाटायला लागली होती. दप्तर सांभाळणारी बाई पन्नाशीची, गुबगुबीत, चष्मा डोक्यावर चढवलेली. "आजी, किती हो दमलात," असं म्हणून तिनं मला हाताला धरून आत नेलं. टेबलावर वही होती. करडा पुठ्ठा, शाईचा डाग. आणि टेबलापलीकडे उभी होती ती. एकोणचाळीस वर्षांची बाई, उन्हानं रापलेली, बुटांना वाळलेला चिखल, खांद्याला पिशवी. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तीन वर्षांची मुलगी शोधत होते आणि सापडत नव्हती. मग तिनं खुर्ची ओढताना खालचा ओठ दातांत धरला आणि सापडली. माझ्या घशातून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण तिनं विचारलं, "काय झालं?" काही नाही म्हटलं. "बसा," ती म्हणाली. "मी जमिनीची मोजणी करते. लोक मला रोज सांगतात, बांध साधारण इथे होता, झाड अंदाजे तिथे. मला साधारण चालत नाही. तुम्ही लिहिलंय तेवढंच वाचा."

मग तिनं पिशवीतून एक दुमडलेला छापील कागद काढून टेबलावर ठेवला. दप्तरवाल्या बाईनं मला हळू आवाजात सांगितलं. जन्मदात्या आईनं चार वर्षांपूर्वी कचेरीत लिहून ठेवलंय की मुलीनं कधी विचारलं तर माझा फोन नंबर द्या, मी भेटायला तयार आहे. हा कागद मुलीच्या संमतीचा. तिची सही झाली की नंबर द्यायचा. "आठ महिने पिशवीत आहे," मोजणीदार म्हणाली. "सही करून टाकणार होते. मग पक्के अहवाल वाचले. अकरा भेटी. पहिल्या दहा मिनिटांत स्पर्श केला काय? पहिल्या भेटीत होय, आणि पुढे मुलगी मागे सरली. त्यानंतर दहाच्या दहा वेळा नाही. निकालात जज्जांनी तेच लिहिलंय, मायेचा बंध दिसून येत नाही. जिला मला हात लावावासा वाटला नाही, तिला भेटून मी काय करू? म्हणून म्हटलं, वहीत बघू. वहीतही तेच असेल तर हा कागद फाडते आणि कामाला लागते." ती हे सगळं अगदी सपाट आवाजात बोलली, पण बोलताना कागदाची घडी नखानं पुन्हा पुन्हा दाबत होती. मी ते टिपलं. खोड जात नाही.

मी वही उघडली. अक्षर खरंच वाईट होतं, पण माझ्याशी ते सरळ बोलायला लागलं. "पहिली भेट. दोन वाजून दोन. मुलगी आली. लाल मोजे, एक उलटा." ती पुढे झुकली. "उलटा म्हणजे?" "टाच वरच्या अंगाला." तिनं पिशवीतून आपली वही काढली आणि लिहून घेतलं: लाल मोजे, एक उलटा. "त्या वर्षाचा माझा एकही फोटो नाही," ती म्हणाली. "वाचा." मी वाचत गेले. मला मजा यायला लागली होती, खोटं का सांगू, मला फार मजा येत होती. छत्तीस वर्षं बंद असलेली खोली मी एकटी उघडत होते आणि ती बाई एकेक वस्तू बघून डोळे मोठे करत होती. चौथ्या भेटीत मुलगी तिकिटं विकते. आई रांगेत. रांगेत दुसरं कुणी नाही. मुलगी म्हणते, ढकलू नका. आई म्हणते, मागचे ढकलतायत हो बाई. मुलगी म्हणते, मग आज गाडी बंद. "गाडी बंद?" मोजणीदार म्हणाली आणि एकदम हसली, मोठ्यानं, आणि दप्तरवाली बाईही हसली. "असलीच आहे मी. परवा दोन भाऊ बांधावर भांडायला लागले, मी म्हटलं, आज मोजणी बंद." सातव्या भेटीत आई तिला "ठमे" म्हणते, मुलगी म्हणते, मी ठमी नाही, मी साहेब आहे. बंद गोल, बंद गोल, अर्धा गोल. आईच्या नावापुढे अर्धा. मी वाचत होते आणि दुसऱ्या भेटीपासून दर पानावर सुरुवातीलाच येणारं ते "हा.का." गाळत होते. मला ते सगळ्यात शेवटी, एकदम उघडून दाखवायचं होतं. जादूगारानं शेवटचा खेळ राखून ठेवावा तसं. म्हातारपणी माणूस किती हलका होतो.

पण ती मोजणीदार होती. "तुम्ही काहीतरी सोडताय," ती म्हणाली आणि बोट ठेवलं. "हे." मी म्हटलं, "हात काखेत." "कुणाचे?" "तुमच्या आईचे. ती आली की सतरंजीवर बसायची आणि दोन्ही हात काखेत घालून दाबून धरायची. तोंडानं बोलायची, हसवायची, नाकानं खेळणं ढकलायची, पण हात काखेत. पंधरा मिनिटं. कधी वीस. मग हात काढून आधी आपल्याच गालाला लावून बघायची. आणि मग तुम्हाला घ्यायची, ते तीन वाजेपर्यंत खाली ठेवायची नाही." मी नववी भेट काढली आणि बोटानं ओळ दाखवत, एकेक अक्षर सोडवत वाचलं: हजेरीवर सही करताना आईच्या हातून पेन पडलं. मी उचलून दिलं. हात बर्फ. मी: किती गार हात. आई: सव्वादोनच्या आत ऊब येत नाही, बाई. पहिल्या दिवशी तशीच घेतली तर केवढी किंचाळली ना ती. म्हणून थांबते.   ही पाहा, मला म्हणायचं होतं, ही पाहा तुमची आई. पण मोजणीदार माझ्याकडे बघत नव्हती, ती वरच्या कोपऱ्यात लिहिलेली तारीख बघत होती. "निकाल कधीचा?" तिनं दप्तरवालीला विचारलं. तिनं फाइल चाळून सांगितलं. मोजणीदारानं बोटांवर मोजलं. "अकरा आठवडे. म्हणजे निकालाच्या आधी अकरा आठवडे हे माहीत होतं. कोर्टाला कुणी सांगितलं नाही?"

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता बसमध्ये हुलकावणी देऊन गेलेली ती आठवण समोर येऊन बसली. ती धडधड त्या दिवसाची होती. साक्षीच्या दिवसाची. अशीच मी सकाळी कपाटासमोर उभी होते, अशीच वन्सं दारात उभी राहून हसत होती. सगळं आयुष्य कोपऱ्यात गप्प बसून काढलेल्या बाईला पहिल्यांदाच मोठ्या खोलीत मधोमध उभं करून लोक तिचं ऐकणार होते. मोठ्या बाईंनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, जेवढं विचारतील तेवढंच. नवव्या भेटीनंतर मी त्यांना हातांचं सांगितलं होतं, तेव्हा त्या माझ्या कपाळाकडे बघून म्हणाल्या होत्या, रकाना आहे का त्याला? कोर्टात कचेरीच्या वकिलानं विचारलं: दहाव्या भेटीत पहिल्या दहा मिनिटांत स्पर्श केला? नाही. अकराव्या? नाही. माझा आवाज स्वच्छ येत होता. मला माझाच आवाज आवडत होता. आईचा वकील सरकारनं नेमलेला, घाईतला, त्यानं दोन प्रश्न तिच्या खोलीच्या भाड्याबद्दल विचारले आणि बसला. जज्जांनी चष्मा काढला, आणि ते म्हणाले, असे नेमके साक्षीदार क्वचित मिळतात. त्या एका वाक्यावर मी तरंगत होते. त्या वेळी माझ्या आत काय होतं ते मी आज नीट बघते: तिथे ती बाई नव्हती, तिची मुलगी नव्हती, भरलेला रकाना होता आणि त्यावर माझी सही. आणि मग जज्जांनी विचारलं होतं. विचारलं होतं ते.

"नाही," मी म्हटलं. "मी आत्ता खोटं बोलले. मला विचारलं होतं. जज्जांनी शेवटी विचारलं, आणखी काही सांगायचंय? मी म्हटलं, नाही."  मी थांबायला हवं होतं, पण मला थांबवेना, अंगात एवढी घाई भरली होती. "रकाना नव्हता म्हणून नाही. घाबरले म्हणूनही नाही. मला त्यांनी शाबासकी दिली होती. आणखी काही बोलले असते तर ती शाबासकी उरली नसती, एवढंच. संध्याकाळी घरी जाऊन मी सगळ्यांना दोनदा सांगितलं, जज्ज काय म्हणाले ते." दप्तरवाली बाई डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून फाइलीत बघू लागली. मोजणीदार उठली. तिनं आपली वही मिटली, पिशवीत घातली, छापील कागदही घेतला, आणि बाहेर गेली. बुटांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला आणि थांबला.

"पाणी देऊ का, आजी?" नको म्हटलं. "तशी इतर कारणंही होती हो निकालात," ती फाइल चाळत म्हणाली, "खोलीला वारा नाही, कामाच्या वेळा, नातेवाईक कुणी नाही. नुसतं तुमच्या एकटीच्या…" ती चांगली बाई होती. मी तिला गप्प बसायला सांगितलं. विचित्र म्हणजे मला रडू येत नव्हतं. भीती वाटत होती, जबर, जिना चढून आल्यासारखी छाती उडत होती, आणि तरी मी हलके हलके होत चालले होते. खिडकीतून समोरच्या इमारतीवरचा एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसताना दिसत होता आणि मला तो विलक्षण स्पष्ट दिसत होता, त्याच्या बादलीचा वाकडा कान, ओला फडका. ती कागद फाडत असेल. तिला तो हक्कच होता. मी ठरवलं, फाडला तरी मी वन्संला सगळं सांगायचं, त्या शाबासकीचं सुद्धा, तीच तर त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत होती.

बूट परत आले. तिच्या केसांच्या कडा ओल्या होत्या, तोंड धुऊन आली असावी. तिनं कागद दप्तरवालीपुढे टाकला. खाली सही होती, घाईची, रेघेबाहेर गेलेली. "नंबर लावा," ती म्हणाली. "आत्ता?" "आत्ता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आधी तुम्ही बोलायचं. मला सांगून तुमचं भागलं असेल, माझं नाही भागलं. कोर्टात काय केलंत ते तिला सांगा. माझ्यासमोर." मी हो म्हटलं. दप्तरवालीनं आकडे दाबले, एकदा चुकले, पुन्हा दाबले, आणि घंटी वाजायला लागल्यावर रिसीव्हर माझ्या हातात दिला, जळतं काही देतात तसा. बसमध्ये उजळणी केलेलं सगळं उडून गेलं. चार घंट्या. मग, "कोण?" तो आवाज जाडसर झाला होता, थोडा धापेचा. मी कचेरीचं नाव सांगितलं. "मी भेटीच्या खोलीत बसायचे. कोपऱ्यात."  मग, "वहीवाल्या बाई," ती म्हणाली.

"हो. मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या दिवशी कोर्टात मला विचारलं होतं, आणि मी…"

"मी तिथेच होते, बाई. दुसऱ्या बाकावर. साहेबांनी तुम्हाला शेवटचं विचारलं ना, तेव्हा मला वाटलं, आता या सांगतील. पेन तुम्हीच उचलून दिलं होतं, म्हणून वाटलं. मी नुसती बघत होते तुमच्याकडे."

ती नजर मला आठवत होती. इतकी वर्षं मी समजत होते, ती रागानं बघत होती. "सांगायला हवं होतं मी," मी म्हटलं. "हवं होतं," ती म्हणाली. तेवढंच, आणि तिनं ते वाक्य माझ्यासाठी मऊ केलं नाही. मग एकदम तिचा आवाज बदलला, धाप वाढली. "आज कशाला फोन केलात? एवढ्या वर्षांनी कचेरीचा फोन… ठमी बरी आहे ना? काय झालं तिला?"

"बरी आहे. धडधाकट आहे. इथेच आहे, माझ्यासमोर उभी."

आता मात्र पलीकडे काहीच ऐकू येईना, धापही नाही. मी दोनदा हॅलो म्हटलं. "मग तुम्ही कशाला बोलताय, बाई?" ती म्हणाली. "तिला द्या."

मी रिसीव्हर पुढे केला. मोजणीदारानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि कानाला लावला, खालचा ओठ दातांत. मी मागे सरले, आणि माझे गुडघे आपोआप कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळले. मी बसलेसुद्धा. बोटं पेन शोधायला लागली. तिचा खांदा हलला, तिनं पहिला शब्द बोलायला तोंड उघडलं, आणि मी उठले. दप्तरवाल्या बाईच्या दंडाला धरून मी तिला उठवलं. "अहो, पण फाइल उघडी आहे, माझी जबाबदारी आहे," ती कुजबुजली. "चला म्हणते ना." बाहेर येऊन मी दार ओढून घेतलं, नीट, कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत. दाराला वर काचेचा तुकडा होता, तिकडे मी पाठ केली. आत आवाज सुरू झाला होता, शब्द कळत नव्हते. "काय बोलत असतील हो?" दप्तरवाली म्हणाली आणि दाराकडे कान नेऊ लागली. मी तिला व्हरांड्यातून पुढे काढलं, आणि मग जिन्यानं खाली. इतक्या भराभर मी कितीतरी वर्षांत उतरले नव्हते, ती बिचारी माझ्यामागे धापा टाकत होती, हळू हो आजी, हळू हो. तीन मजले उतरून आम्ही रस्त्यावर आलो आणि भर रहदारीत उभ्या राहिलो, जिथे वरचं काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं.